पुंजाजी मेव्हण्याच्या हाटेलात जेवायला गेला

आटपाडीकडं जाताना डाव्या हाताला एक गाव लागतं. त्या गावात पुंजाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? एकदा बायको यमुना त्याला म्हणाली, "अहो, पोर झोपेपर्यंत पाळणा हलवत राहा." पोर काही झोपलं नाही. ते पाळण्यातून उतरलं, रांगत ओसरीवर गेलं आणि कोंबडीशी खेळत बसलं. यमुना पाणी घेऊन आली तर पुंजाजी रिकामा पाळणा हलवतोय.

"अहो, पोर कुठाय?"

"ओसरीवर."

"मग पाळणा कशाला हलवताय?"

"झोपलं नाही ना अजून."

तर असा पुंजाजी. मनानं मात्र सोन्यासारखा. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. हीच तर सगळी अडचण होती.

यमुनाला एक धाकटा भाऊ होता, अनंता. तो पुण्याला एका मोठ्या हाटेलात वाढप्याचं काम शिकत होता. ते हाटेल इटलीच्या जेवणाचं. पण साधं इटलीचं नाही. अनंतानं फोनवर सांगितलं, "दाजी, हे जेवण जन्मलं इटलीत. मग ते अमेरिकेला गेलं आणि तिथं चांगलं अंगानं भरलं."

पुंजाजी म्हणाला, "म्हणजे माहेर इटली आणि सासर अमेरिका."

"तसंच समजा," अनंता म्हणाला.

अनंताची नोकरी अजून कच्ची होती. त्याचं लग्न ठरत आलं होतं, पण मुलीचा बाप म्हणाला होता, "पोरगा कामावर कायम झाला की तारीख धरू. तोवर माझी पोरगी माझ्या घरी." आणि कायम व्हायची संधी आता आली होती. हाटेलात थंडीच्या हंगामाचा नवा मेनू निघणार होता. तो गिऱ्हाइकांना द्यायच्या आधी मालक एक दुपार सगळ्या वाढप्यांच्या घरच्यांना जेवायला बोलवायचे. ज्याचे नातलग, त्यालाच ते टेबल. पण ओळख दाखवायची नाही. सख्खा बाप आला तरी त्याला 'सर' म्हणायचं. आणि जेवण झालं की मालक टेबलावर येऊन विचारणार, या मुलाला कायम करू का? टेबल म्हणेल ते शेवटचं. नाही म्हणालं, तर मुलगा घरी.

यमुनाला हे ऐकल्यापासून झोप नव्हती. तिनं पोराला सासूजवळ ठेवलं, दूध कधी द्यायचं ते चारदा सांगितलं आणि नवऱ्याला घेऊन एसटीत बसली. निघताना सासूनं लेकाला बजावलं होतं, "पुंजा, परक्याच्या दारात हावरेपणा करू नको. कुणी काही म्हणालं की दोनदा नको म्हणावं. तिसऱ्यांदा म्हणाले तरच हो म्हणावं. चांगल्या घरची रीत आहे."

"बरं," पुंजाजी म्हणाला.

हाटेलाच्या दारात टोपीवाला माणूस उभा होता. त्यानं काचेचं दार उघडलं आणि म्हणाला, "या सर."

"नको," पुंजाजी म्हणाला.

"या ना सर, आत या."

"नको नको."

टोपीवाला दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यानं दार लावून घेतलं. यमुना आत गेली, खुर्चीवर बसली, शेजारी बघते तर नवरा नाही. तो काचेच्या पलीकडं उन्हात उभा होता आणि टोपीवाल्याच्या तोंडाकडं आशेनं बघत होता.

अनंता धावत बाहेर आला. काळा कोट, गळ्यात बो, केसाला तेल.

"दाजी! बाहेर काय करताय?"

"तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघतोय."

अनंतानं कपाळाला हात लावला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "दाजी, ही गावाकडची रीत इथं नाही चालत. इथं कुणी काही विचारलं की पहिल्या झटक्याला हो म्हणायचं. कळलं?"

"हो," पुंजाजी पहिल्या झटक्याला म्हणाला.

टेबलावर पांढरं स्वच्छ कापड होतं. यमुनानं आपल्या कोपराखालचं कापड दोनदा झटकलं, उगीच डाग पडायला नको. वाढप्यांवर जो मुख्य असतो त्याला तिथं कॅप्टन म्हणतात. तो कॅप्टन हात मागं बांधून जवळच उभा राहिला. त्याच्यासमोर अनंता वाकून म्हणाला, "नमस्कार सर, नमस्कार मॅडम." सख्खी बहीण मॅडम झाली. यमुनाला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"सर, पाणी थंड देऊ?"

"हो."

"की साधं?"

"हो."

अनंतानं दोन्ही दिली. मग त्यानं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "सर, आपल्याला खाण्यातल्या कशाची ॲलर्जी आहे का? म्हणजे काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, असं काही?"

"हो," पुंजाजी म्हणाला.

अनंताचा चेहरा उतरला. दाजी लग्नात सोळा जिलब्या खाऊन वर मठ्ठा प्यायलेले त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. पण कॅप्टन ऐकत होता.

"कशाची सर? गव्हाची?"

"हो."

"दुधाची?"

"हो."

"लसणाचीसुद्धा?"

"हो."

"टोमॅटोची?" हे कॅप्टननंच विचारलं.

"हो."

मुदपाकखान्यात एकच गोंधळ उडाला. मोठ्या आचाऱ्यानं डाव आपटला. इटलीच्या जेवणातनं गहू, दूध, लसूण आणि टोमॅटो काढला तर मागं ताट उरतं. तरी त्यांनी सगळे ओटे धुतले, सुऱ्या धुतल्या, हात धुतले. बाकीच्या टेबलांवर लाल भोपळ्याचं वाफाळतं सूप गेलं, वर साय, शेजारी लसूण लावलेला खरपूस पाव. पुंजाजीपुढं आलं एक मोठ्ठं पांढरं ताट. त्यात काकडीच्या तीन चकत्या आणि एक पान.

पुंजाजीनं पान खाल्लं. म्हणाला, "माहेर-सासर दोन्हीकडं दुष्काळ दिसतोय."

यमुनाला राहवलं नाही. ती कॅप्टनला म्हणाली, "अहो दादा, यांना कसलं काय होत नाही. दगड खाल्ला तरी पचतो. ते आपलं असंच हो म्हणाले."

कॅप्टननं एकदा पुंजाजीकडं, एकदा अनंताकडं बघितलं आणि तो आचाऱ्याला सांगायला गेला. तेवढ्यात अनंता चमचे सरळ करायच्या निमित्तानं वाकला आणि दात न उघडता म्हणाला, "दाजी, पाया पडतो. आता तोंड उघडायचं ते फक्त खायला. एक शब्द बोलायचा नाही. माझं लग्न तुमच्या तोंडावर आहे."

पुंजाजीनं ओठ घट्ट मिटले.

मग आल्या शेवया. आपल्यासारख्या बारीक नाहीत, सुतळीएवढ्या जाड. वर टोमॅटोचा लालभडक रस्सा आणि खिम्याचे लिंबाएवढे गोळे. वास असा की पलीकडच्या टेबलावरचं लहान पोर रडायचं थांबलं. अनंता एका हातात किसणी आणि दुसऱ्या हातात चीजचा कडक तुकडा घेऊन आला.

आता त्या हाटेलाचा एक नियम होता. वाढप्यानं चीज किसत राहायचं, आणि गिऱ्हाईक पुरे म्हणालं की थांबायचं. गिऱ्हाईक म्हणेपर्यंत थांबायचं नाही. म्हणजे कंजुषी केली असं कुणाला वाटत नाही.

अनंता किसायला लागला.

पुंजाजी बघायला लागला.

शेवयांवर आधी चीजची भुरभुर पडली. मग थर झाला. मग गोळे झाकले. अनंता दाजींकडं बघून भुवया वर करत होता. दाजी त्याच्याकडं बघून ओठ आणखी आवळत होते. शब्द म्हणजे शब्द.

यमुना म्हणाली, "पुरे की रे अन—" मग तिनं जीभ चावली. "पुरे हो, भाऊसाहेब."

अनंता घामाघूम झाला होता. म्हणाला, "मॅडम, ज्यांचं ताट त्यांनी सांगायचं असतं."

हातातला तुकडा संपला. कॅप्टन दुसरा घेऊन आला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारबाबा बसले होते, दुसऱ्या एका वाढप्याचे चुलते. ते उठून बघायला आले. "अहो पाव्हणं, म्हणा की बास! पोराचा दंड गळून पडेल."

पुंजाजीनं त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की बाबांना वाटलं, बिचारा मुका आहे. ते हळहळत जागेवर जाऊन बसले.

ढीग वाढत गेला. एक गोळा ढिगाच्या पोटातनं निसटला, घरंगळत टेबलावरून खाली गेला आणि खुर्चीखाली जाऊन थांबला. तोच काय तो थांबला. शेवटी आतून निरोप आला, चीज संपलं. हाटेलातलं सगळं. तेव्हा अनंताचा हात खाली आला, पण बोटं काही केल्या उघडेनात. किसणी हातातच राहिली.

हे सगळं मालक लांबून बघत होते.

अनंता टेबल पुसायच्या निमित्तानं परत वाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दाजी, असं कसं? पुरेसं झालं की बोलायचं. हात आडवा करायचा आणि मोठ्यानं 'बास' म्हणायचं. लाजायचं नाही. समोर कोण आहे ते बघायचं नाही."

पुंजाजी एवढंच म्हणाला, "हे तू आधी सांगायचंस."

तेवढ्यात मालक त्यांच्या टेबलापाशी आले. गोरेपान, पांढरी दाढी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. ते प्रत्येक टेबलापाशी उभं राहून नव्या मेनूची हकिकत सांगत होते. आता पाळी पुंजाजीच्या कानांची होती.

"मी तरुणपणी अमेरिकेला गेलो," मालक म्हणाले. "तिथं एका इटालियन आजीच्या हाटेलात भांडी घासली. ती आजी मला म्हणायची, बाळा, ज्या महिन्यात जे पिकतं तेच शिजव. म्हणून मी दर हंगामाला मेनू बदलतो. आता थंडी आली. थंडी म्हणजे काय? तर लाल भोपळा. भोपळा म्हटलं की मला ती आजी आठवते. ती आजी मुळात एका डोंगरातल्या खेड्यातली. त्या खेड्यात काय व्हायचं—"

पुंजाजीला वाटलं, पुरेसं झालं.

त्यानं हात आडवा केला आणि मोठ्यानं म्हणाला, "बास!"

सगळ्या हाटेलानं माना वळवल्या. मालकांना त्यांच्याच हाटेलात आजवर कुणी थांबवलेलं नव्हतं, त्यामुळं थांबायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. ते तसेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मग त्यांनी तोंड मिटलं, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडं गेले. पुढच्या टेबलावर त्यांनी आजी गाळली.

यमुनानं खुर्ची नवऱ्याकडं ओढली. आता तिनंच काहीतरी करायला हवं होतं. तिनं नवऱ्याच्या बाहीला धरलं. "अहो, मोठ्या माणसाला असं म्हणतात का? चांगल्या घरची माणसं कशी नम्र बोलतात, आठवा बरं. आपलं कुणी कौतुक केलं, आपल्या वस्तूचं केलं, आपल्या माणसाचं केलं, तर फुगायचं नाही. कमीपणा घ्यायचा. हात जोडून म्हणायचं, 'कसलं काय! काही खरं नाही. तुमचं मन मोठं, म्हणून गोड मानून घेता.' एवढं कराल ना?"

"करीन की."

गोड आलं. कॉफीत भिजवलेला केक. पुंजाजीनं चमच्यानं दाबून बघितला. म्हणाला, "आपण चहात बुडवतो आणि लगेच काढतो. हे काढायचं विसरले." पण खाल्ला सगळा.

कॅप्टनला वाटलं, वातावरण जरा निवळावं. तो म्हणाला, "सर, तुमच्या गावाकडचा भोपळा फार चांगला असतो म्हणे."

पुंजाजीनं हात जोडले. "कसलं काय! पाणचट असतो. तुमचं मन मोठं, म्हणून गोड मानून घेता."

कॅप्टन हसला. किती साधा माणूस, असं त्याला वाटलं. यमुनानं सुटकेचा श्वास टाकला. सकाळपासून पहिल्यांदाच नवऱ्याला एक गोष्ट नीट जमली होती. तिनंही मग केकचा एक घास खाल्ला.

आता मालक निकाल घ्यायला निघाले. म्हातारबाबांच्या टेबलापाशी थांबले. "बाबा, या मुलाला कायम करू का?"

"सोनं आहे सोनं! डोळे मिटून ठेवून घ्या."

दुसऱ्या टेबलावर एक मावशी होती. तिनं भाच्याचं कौतुक सांगायला सुरुवात केली ती पार बारशापासून. मालकांनी तिला कसंबसं थांबवलं. थांबवायचं कसं ते आता त्यांना कळलं होतं.

मग ते पुंजाजीपाशी आले. अनंता मागं उभा होता, किसणी अजून मुठीत. मालक म्हणाले, "खरं सांगतो, या टेबलावर गोंधळ फार झाला. पण या मुलानं नियम मोडला नाही. हात मोडायची वेळ आली तरी किसत राहिला. आवाज चढवला नाही. असा मुलगा मला हवा. याला कायम करावं म्हणतो. तुमचं काय म्हणणं?"

यमुनाच्या डोळ्यांपुढं मांडव उभा राहिला. अनंताच्या डोळ्यांपुढं मुलगी उभी राहिली.

पुंजाजीनं तोंड पुसलं. सावरून बसला. दोन्ही हात जोडले.

"कसलं काय साहेब!" तो म्हणाला. "काही खरं नाही त्याचं. तुमचं मन मोठं, म्हणून गोड मानून घेता."

मालक थबकले. "म्हणजे? काम येत नाही म्हणता?"

"कसलं काम! आमच्यासारख्यांच्या घरात चालून जातो. तुमच्यासारख्यांच्या दारात तो कुठला शोभायला!"

यमुनानं टेबलाखालून बाही ओढली. पुंजाजीला वाटलं, बायको खूश आहे, आणखी थोडा कमीपणा घ्या म्हणतेय. म्हणून त्यानं पदरचं घातलं, "आणि झोपाळूही आहे, साहेब. जांभई देताना तोंडावर हात घेत नाही."

मालकांनी त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "बाकी सगळ्यांनी आपापल्या माणसाची भलामण केली. खरं बोलणारे तुम्ही एकटे. टेबल म्हणेल ते शेवटचं, हा माझाच नियम आहे." आणि त्यांनी अनंताच्या मुठीतनं किसणी काढून घेतली. ती निघायला दोघं लागले.

तिघं रस्त्यावर आले. यमुना रडत होती. अनंता रडत नव्हता, तो नुसता चालत होता. पुंजाजी म्हणाला, "अनंता, माझं काही चुकलं का?"

अनंता थांबला. बिचारा गुणाचा पोरगा, दाजींवर ओरडायचं कसं? शांतपणे म्हणाला, "दाजी, एवढंच म्हणायचं होतं. साहेबांनी माझ्याबद्दल विचारलं की हात जोडून सांगायचं, 'साहेब, असा माणूस शोधून सापडणार नाही. याला ठेवून घ्या. काही झालं तरी सोडू नका.' बाकी काही नको होतं."

"एवढंच ना? अरे, हे तर सोपं होतं." पुंजाजी ते वाक्य पुटपुटत चालू लागला. असा माणूस शोधून सापडणार नाही. ठेवून घ्या. सोडू नका. चांगलं पाठ झालं.

तेवढ्यात मागून कॅप्टनची हाक आली. "ए! कोट! हाटेलाचा कोट घेऊन चाललाय तो!"

अनंतानं खाली बघितलं. कोट अंगातच राहिला होता. तो घाईनं माघारी पळाला. कोपऱ्यावर एक हवालदार उभा होता. त्यानं 'कोट घेऊन चाललाय' ऐकलं आणि कोट घालून पळणारा माणूस बघितला. झडप घालून कॉलर धरली.

कॅप्टन आला. त्यानं कोट काढून घेतला, "टेबलं खोळंबलीत" म्हणाला आणि आला तसा पळाला. हवालदारानं कॉलर काही सोडली नाही. आता ती सदऱ्याची होती.

"साहेब, मी चोर नाही," अनंता काकुळतीला आला. "विसरून अंगावर राहिला. हे माझे दाजी आहेत. त्यांना विचारा."

हवालदारानं पुंजाजीकडं बघितलं. त्यालाही घरी जायची घाई होती. "काय हो? तुमचा माणूस आहे? नीट सांगा. तुम्ही म्हणत असाल तर सोडून देतो."

अनंतानं साहेब म्हटलेलं पुंजाजीनं ऐकलं होतं. साहेब अनंताबद्दलच विचारत होते. त्याचा चेहरा उजळला.

"अहो!" यमुना किंचाळली.

"थांब ग, आता बरोबर बोलतो." त्यानं हात जोडले आणि एक अक्षर न चुकता म्हणाला, "साहेब, असा माणूस शोधून सापडणार नाही. याला ठेवून घ्या. काही झालं तरी सोडू नका."

हवालदार दचकला. "शोधून सापडणार नाही? म्हणजे मुरलेला दिसतोय." त्यानं दुसऱ्या हातानंही कॉलर धरली आणि अनंताला घेऊन चौकीकडं निघाला. पुंजाजी पाच-सहा पावलं मागं मागं गेला. "साहेब, कायमचाच ठेवा हो! मुलीचा बाप थांबलाय!"

चौकीचं दार आतून लागलं. यमुनानं मटकन फुटपाथवरच बसकण मारली. पुंजाजी तिच्या शेजारी बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आता कशाला रडतेस? त्या हाटेलवाल्यानं किती आढेवेढे घेतले आणि शेवटी काढूनच टाकलं. आणि या साहेबांनी बघ, मी दोन शब्द टाकले तर उभ्या उभ्या ठेवून घेतलं. राहायची सोयसुद्धा तिथंच."